परदेशात कॉलेज बदलताना : एका नियमाचा दहा वर्षांचा इतिहास



मध्यंतरी आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पन्नास हजारांच्या कर्जाची मागणी केली. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "लेक कॅनडात शिकतेय. आहे ते कॉलेज फार महाग पडतंय. दुसऱ्या कॉलेजात नाव घालतेय, तिथला पहिला हप्ता भरायचाय." रजिस्टर उघडं होतं, सगळ्यांची संमती होती. मी एवढंच विचारलं, "ताई, तिच्या परमिटचं काय?" त्या म्हणाल्या, "त्यात काय! माझ्या भाच्यानं २०२१ साली असंच बदललं. ऑनलाइन नुसतं कळवायचं असतं."

भाचा खोटं सांगत नव्हता. त्याच्या वेळी तसंच होतं. मधल्या काळात नियम बदलला, आणि तो का बदलला हे कळलं तरच त्यातला धोका कळतो. म्हणून आज या एका नियमाचा इतिहास सांगते.

आधी दोन कागद समजून घेऊ. व्हिसा म्हणजे देशाच्या दारातून आत जायची परवानगी. स्टडी परमिट म्हणजे आत गेल्यावर तिथं राहून शिकायची परवानगी. आपली गोष्ट या दुसऱ्या कागदाची आहे.

१ जून २०१४ पासून कॅनडानं या परमिटचे नियम कडक केले. त्याआधी अर्ज करताना शिकायचा इरादा दाखवला की भागायचं. त्या दिवसापासून मात्र कॉलेजात नाव असलंच पाहिजे आणि शिक्षण चालू ठेवलंच पाहिजे, अशी अट आली. कॉलेजही तिथल्या प्रांत सरकारनं मान्य केलेलंच हवं. प्रांत म्हणजे आपल्याकडचं राज्य समजा. अशा प्रत्येक कॉलेजला एक नंबर मिळाला. पण एक मोकळीक राहिली. एका मान्य कॉलेजातून दुसऱ्या मान्य कॉलेजात जायचं असेल, तर आपल्या ऑनलाइन खात्यात जाऊन तसं कळवायचं. नवं परमिट नको, फी नको. क्युबेक प्रांताचे कागद तेवढे वेगळे.

ही मोकळीक किती मोलाची होती, ते २०२२ च्या जानेवारीत दिसलं. क्युबेकमधली तीन खासगी कॉलेजं पैशाच्या अडचणीत येऊन बंद पडली. तिथं भारतातली मुलं पुष्कळ होती. फी भरून झालेली, वर्ग बंद. ओटावातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला पत्रक काढावं लागलं, की पैसे भरण्याआधी संस्थेची नीट खात्री करून घ्या. कॉलेजच बुडालं तर मुलांनी करावं काय? दुसरं कॉलेज शोधणं, एवढाच मार्ग.

पण याच मोकळ्या वाटेनं फसवणूकही आत शिरली. २०२३ साली ते उघड झालं. पंजाबातल्या कितीतरी मुलामुलींना एजंटांनी नावाजलेल्या कॉलेजांची प्रवेशपत्रं दिली होती. मुलं कॅनडात उतरली, तेव्हा एजंट म्हणाला, "तिथल्या जागा भरल्या. तुम्ही दुसऱ्या कॉलेजात नाव घाला." बदलणं सोपं होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. मुलं दुसरीकडे शिकली, पास झाली, नोकरीलाही लागली. पुढं कायमचं राहण्यासाठी अर्ज केले, जुने कागद तपासले गेले, आणि मग कळलं की पहिलं प्रवेशपत्रच खोटं होतं. देश सोडा, अशा नोटिसा येऊ लागल्या. मुलं रस्त्यावर धरणं धरून बसली. जून २०२३ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी एकेक प्रकरण तपासायला पथक नेमलं. जी खरोखर शिकायला आली होती आणि ज्यांना खोटेपणाची कल्पना नव्हती, त्यांना राहू देऊ, असं सांगितलं.

त्यानंतर दारं एकेक करून बंद होत गेली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची कॉलेजकडून खात्री करून घ्यायला सुरुवात झाली. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, आणि बहुतेक अर्जांना प्रांताचं पत्र जोडणं सक्तीचं झालं. आणि ८ नोव्हेंबर २०२४ पासून मुख्य बदल झाला. आता कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं परमिटवर ज्या कॉलेजचं नाव आहे, तिथंच शिकायचं. दुसरीकडे जायचं तर आधी नव्या परमिटचा अर्ज करायचा, आणि ते मिळाल्यावरच जायचं.

आपल्याकडे पूर्वी रेशनकार्ड एकाच दुकानाला बांधलेलं असायचं. आता अंगठा लावला की दुसऱ्या दुकानातही धान्य मिळतं. कॅनडाच्या परमिटचं नेमकं उलटं झालं.

नव्या अर्जाला १५० डॉलर फी आहे. शिवाय खर्चापुरते पैसे आहेत, हे पुन्हा दाखवावं लागतं. कॉलेजची फी सोडून एका माणसाच्या वर्षाच्या खर्चासाठी २०२३ पर्यंत १०,००० डॉलर दाखवले की चालायचं. जानेवारी २०२४ पासून ते २०,६३५ झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. परमिटशिवाय कॉलेज बदललं, तर अट मोडली असं धरतात. मग कामाचा हक्क जातो, देश सोडायची वेळही येऊ शकते.

मला यात एक गोष्ट टोचते. लबाडी एजंटांनी केली, काही कॉलेजांनीही मुलांना वाऱ्यावर सोडलं. कडक नियमाचं ओझं मात्र मुलांवर आलं. खोट्या प्रवेशपत्रांना आळा बसावा, हे मलाही पटतं. पण एखाद्या पोरीला तिथलं शिकवणं निकृष्ट वाटलं, फी झेपेना झाली, तरी तिला आता कागदाची वाट बघत तिथंच थांबावं लागतं. आणि इकडे आई जमीन गहाण टाकून बसलेली असते.

त्या ताईंना आम्ही नाही म्हटलं नाही. कर्ज मंजूर केलं. पण इतिवृत्तात लिहिलं, की नव्या परमिटचा कागद बघून रक्कम द्यायची. लेकीला फोन लावला. तिलाही हे माहीत नव्हतं; मैत्रिणींनी जुनंच सांगितलं होतं. तिनं आता अर्ज केलाय, आणि उत्तर येईपर्यंत जुन्याच कॉलेजात वर्गाला जातेय. ताई रोज विचारतात, "आलं का गं काही?" अजून आलेलं नाही.

तुमच्या गटात कोणाचं लेकरू बाहेर शिकत असेल, तर पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. परमिटवर कोणत्या कॉलेजचं नाव आहे? प्रवेशपत्र खरं आहे, हे एजंटला नाही, थेट कॉलेजला विचारलंय का? आणि जो सल्ला मिळालाय, तो कोणत्या सालचा आहे? कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर नियम दिलेले असतात. तिथला आजचा नियम लेकराकडून वाचून घ्या.

बैठकीत ही गोष्ट सगळ्यांना सांगा. येते मी. नमस्कार.