अस्सल कोणाकडे, नक्कल कोणाकडे

तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्यांचे दर्शन घ्यायला लोक लांबून उमरठला येतात. उमरठच्या माणसाला मात्र आपल्याच घराण्याचा कागद बघायचा असला की गाव सोडावे लागते. तलाठ्याकडे सातबारा मिळतो. जुना फेरफार हवा असेल तर पोलादपूरचे तहसील गाठायचे आणि त्याहून जुने काही हवे असेल तर शंभरावर किलोमीटर दूर असलेले अलिबाग. शिमग्याला किंवा गौरी-गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी मोजक्या रजेतला एक दिवस 'नकलेसाठी' राखून ठेवतो. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आवक क्रमांक आणि 'पुढच्या आठवड्यात या'. त्याचा पुढचा आठवडा मुंबईत असतो.

हे इतके अंगवळणी पडले आहे की कागद सरकारचा आणि आपल्याला मिळायची ती नक्कल, हे आपण निसर्गनियमासारखे धरून चालतो. नेहमी असे नव्हते. याच डोंगरांत एके काळी नेमके उलटे होते.

शिवकाळातली आणि पेशवाईतली वतनाची, इनामाची पत्रे पाहिली तर बहुतेकांच्या शेवटी एक ठरलेली सूचना सापडते. या पत्राची प्रत उतरून दप्तरी ठेवावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे, असा तिचा आशय. प्रतीला तेव्हा 'तालीक' म्हणत. म्हणजे अस्सल कागद देशमुखाच्या, पाटलाच्या किंवा इनामदाराच्या घरी, पेटीत, रुमालात बांधलेला. तालीक सरकारच्या दप्तरात. नवा अंमलदार आला की वतनदार अस्सल पुढे ठेवी आणि अंमलदार ते वाचून परत करी. वाद उठला तर गोतसभा बसे, निवाड्याचा महजर लिहिला जाई, त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या अवजारांच्या निशाण्या उमटत. जिंकलेल्याच्या हाती तो महजर जाई. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे वतन त्याच्याकडे कागद. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे कागदही नाही. पण पुरावा रयतेत होता, एवढे खरे.

1818 नंतर इंग्रजी अंमल आला आणि 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. इनाम खरे की खोटे हे ठरवायचे म्हणून सनदा मागवल्या गेल्या. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरची दप्तरे जमा करण्यात आली. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या एका मोठ्या भागाला आजही 'जमाव दप्तर' म्हणतात. नावातच त्याची हकिगत आहे. अस्सल सरकारकडे गेले, आणि ज्यांचे ते होते त्यांच्या वाट्याला नक्कल आली. माझ्या मते आपल्या आजच्या नक्कल अर्जाचा जन्म इथे आहे.

त्याला कायद्याचे अंग मिळाले 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने. त्याचे कलम 76 सांगत होते की, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्याला हक्क आहे त्याची नक्कल फी घेऊन द्यावी आणि तिच्यावर खरी नक्कल असल्याचा दाखला लिहावा. वाक्य उदार वाटते, पण सगळी मेख 'पाहण्याचा हक्क आहे' या अटीत होती. तो हक्क कोणाला, हे त्या कलमात नव्हते. पुढे 1903 पासून मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, सातबाऱ्याचा पाया घातला गेला आणि जमिनीपुरते दार किलकिले झाले. नगरपालिकेत काय ठरले, का ठरले, पैसा कुठे गेला, हे विचारायला दार नव्हतेच.

नगरपालिकेचा कागद म्हणजे काय, हे या भागाला शेजारच्या महाडने शिकवले. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली. सप्टेंबरात सरकारने तो अमलात आणण्यास खात्यांना कळवले. 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर. तळ्याच्या पायऱ्यांवर काहीच बदलले नाही. तीन वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेने तो रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला. तळे अनादि वहिवाटीने फक्त स्पृश्यांचे, असे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला की अशी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही. पिढ्यान्पिढ्या 'असेच चालत आले आहे' एवढ्यावर माणसांना पाण्यापासून अडवले गेले होते आणि पुरावा दाखवा म्हटल्यावर ते टिकले नाही. नक्कल मागणे ही कारकुनी गोष्ट आहे असे कोणी म्हणाले की मला हा निकाल आठवतो. खुले करण्याचा ठराव आणि रद्द करण्याचा ठराव, दोन्ही नगरपालिकेच्या दप्तरी नोंदले गेले, म्हणून आज आपण दोन्ही तारखा बोट ठेवून सांगू शकतो.

ज्या 1923 साली बोले ठराव आला त्याच साली सरकारी गुपितांचा कायदाही आला. पुढची ऐंशी वर्षे कचेऱ्यांवर छाप राहिली ती गुपितांच्या कायद्याची. महाराष्ट्राने 2000 साली माहिती अधिकाराचा पहिला कायदा केला, तो लेचापेचा निघाला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 चा बळकट कायदा मिळाला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र 'अ', पानाला दोन रुपये, तीस दिवस. उमरठसारख्या गावात ग्रामसेवकच जनमाहिती अधिकारी झाला. दुसरे अपील मात्र नवी मुंबईच्या कोकण खंडपीठापुढे, म्हणजे पुन्हा तोच प्रवास.

या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला नकलेत दिसत नाही. अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क त्यात आहे, तो मला मोठा वाटतो. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी फायली नागरिकांपुढे ठेवायची पद्धत पाडली होती. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना ती लागू केली: दर सोमवारी 3 ते 5. दीडशे वर्षांनी अस्सल कागद पुन्हा माणसासमोर. हा हक्क कशासाठी वापरायचा, तेही महाडनेच दाखवले. 24 ऑगस्ट 2020 ला तिथल्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जण गेले. आपल्या इमारतीची बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला नगरपालिकेत जाऊन उघडून बघावा, हे त्यानंतर तरी घरोघरी सांगायला हवे होते.

आता सातबारा मोबाईलवर पंधरा रुपयांत, डिजिटल सहीने मिळतो. त्याने चाकरमान्याची ती रजा खरोखर वाचली. पण जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद हवी असते, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीची. ती असते शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गाव नमुना 14 मध्ये, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. कडा कुरतडलेल्या, पाने एकमेकांना चिकटलेली. ही पाने उघडताना कारकुनाचाही हात हलका होतो. पणजोबांचे नाव असलेली ओळ सापडते तेव्हा पणतू वाकून बघतो. अस्सल त्याच्या समोर आहे, आणि ते मोडीत आहे. एक अक्षर लागत नाही. मग अर्जाच्या खाली तो आणखी एक ओळ लिहितो: सोबत देवनागरी लिप्यंतर जोडत आहे. आणि मोडी वाचणारा माणूस शोधायला बाहेर पडतो.