पाळणा, अफू आणि खाडा

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ मुले वर्षाच्या आत दगावली. हा आकडा जपून वाचायला हवा. गिरणगावातल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावच्या दप्तरात नोंदला जाई. तान्हे मूल घेऊन परतल्यावर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात पडे. त्यामुळे प्रमाण फुगले.

तरी दुःख खरेच होते. शहरातले सुमारे दोनतृतीयांश लोक एका खोलीत संसार करीत. चुलीचा धूर, बिऱ्हाडकरू आणि बाळंतीण त्याच चार भिंतींत.

गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडे सोपवली. १९२२ साली त्यांनी नोंदवले, की आया कामावर जाताना मुलांना अफू देतात. आई निर्दय नव्हती; खाडा झाला की मजुरी बुडे.

१९२६ साली परळला वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. पण इस्पितळ खाडा भरून देत नाही. १९२८ साली कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. बाळंतिणीला विश्रांतीच्या दिवसांचे पैसे देणे मालकावर बंधनकारक ठरले.

मात्र हा हक्क कारखान्याच्या दारापर्यंतच होता. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकराच्या घरी मागाला हातभार लावणारी बाई कोणाच्याच हजेरीपटावर नव्हती. मालक नाही, म्हणून भत्ताही नाही. आपल्या मोहल्ल्यांचा इतिहास लिहिताना मशिदी-मदरशांबरोबर तिच्या श्रमाचाही हिशेब मांडला पाहिजे.