सेल्फीत नाक मोठं का दिसतं आणि फोटोग्राफर ८५ मिमी लेन्सवर एवढे फिदा का असतात?

हिरवे डोळे, डोक्यावरून घेतलेली विटकरी ओढणी आणि थेट कॅमेऱ्यात रोखलेली नजर. 'अफगाण गर्ल' हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. स्टीव्ह मॅकरी यांनी तो १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या पेशावरजवळ, नासिर बाग निर्वासित छावणीत काढला. जून १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर पोहोचला. या फोटोसाठी वापरलेली लेन्स होती निकॉनची १०५ मिमी एफ/२.५.

पोर्ट्रेट काढणाऱ्या फोटोग्राफरला आवडती लेन्स विचारा. बऱ्याचदा उत्तर ८५ किंवा १०५ मिमी असंच येतं. बॅगेत महागडी झूम लेन्स असली, तरी चेहरा टिपायची वेळ आली की हात याच लेन्सकडे जातो. असं काय आहे तिच्यात?

शॉर्ट टेलिफोटो म्हणजे काय?

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिमी असतो. त्यावर ५० मिमीच्या आसपासची लेन्स 'नॉर्मल' समजली जाते. २४ किंवा २८ मिमी म्हणजे वाइड. २०० ते ६०० मिमी म्हणजे क्रिकेटचे सामने आणि पक्षी टिपणाऱ्या लांबलचक टेलिफोटो लेन्स. या दोन टोकांच्या मधल्या, साधारण ८५ ते १३५ मिमीच्या लेन्सना शॉर्ट टेलिफोटो म्हणतात. सेन्सर लहान असलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर हेच काम ५० ते ५६ मिमीची लेन्स करते.

चेहरा चांगला दिसतो तो लेन्समुळे?

थेट लेन्समुळे नाही. खरी करामत अंतराची आहे.

जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान, हे आपल्याला माहीत असतं. चेहराही याला अपवाद नाही. समजा, नाकाच्या शेंड्यापेक्षा कान १० सेंमी मागे आहेत. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल, तर कानांपर्यंतचं अंतर ४० सेंमी, म्हणजे ३३ टक्के जास्त झालं. साहजिकच नाक पुढे आल्यासारखं आणि कान आक्रसल्यासारखे दिसतात. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला, तर नाक १५० सेंमीवर आणि कान १६० सेंमीवर. फरक उरतो जेमतेम ७ टक्के.

आता लेन्सचं काम बघा. डोकं आणि खांदे मिळून साधारण ६० सेंमीचा भाग उभ्या फ्रेममध्ये बसवायचा आहे. २४ मिमी लेन्स असेल, तर फोटोग्राफरला सुमारे ४० सेंमीपर्यंत जवळ जावं लागतं. ८५ मिमीने तीच फ्रेम सुमारे १.४ मीटरवरून मिळते आणि १०५ मिमीने पावणेदोन मीटरवरून. म्हणजे ही लेन्स चेहरा बदलत नाही, ती फोटोग्राफरला योग्य अंतरावर उभं करते. समोरच्याच्या तोंडाजवळ कॅमेरा येत नाही, त्यामुळे तोही अवघडत नाही. तरी गप्पा मारता येतील एवढी जवळीक उरते.

मग नाकाचं ऑपरेशन कशासाठी?

मोबाईलचे कॅमेरे बहुतेक वाइड असतात आणि सेल्फी हाताच्या अंतरावरून, कधी त्याहूनही जवळून निघतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे डॉ. बोरिस पास्कोव्हर यांच्याकडे सेल्फी दाखवून 'नाक लहान करून द्या' म्हणणारे लोक येत. त्यांनी सहकाऱ्यांसोबत याचं गणिती मॉडेल तयार केलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. ५ फुटांवर हा परिणाम जवळजवळ राहत नाही. म्हणजे सेल्फीत खटकणारं नाक अनेकदा फक्त अंतराचा खेळ असतो.

या लेन्सचं वेड जुनं आहे

१९५० मध्ये टोकियोत जुन मिकी या जपानी फोटोग्राफरने 'लाइफ' मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकन यांचा फोटो ८५ मिमी एफ/२ निक्कोर लेन्सने काढला. प्रिंटमधला बारकावा पाहून डंकन चकित झाले आणि त्यांनी स्वतःच निक्कोर लेन्स घेतल्या. त्याच वर्षी सुरू झालेलं कोरियन युद्ध त्यांनी या लेन्सनी टिपलं. जपानी लेन्सकडे पाश्चात्त्य फोटोग्राफरांचं लक्ष वळलं, त्यात या घटनेचा मोठा वाटा मानला जातो.

निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ लेन्स १९५३ मध्ये आली. १९५९ मध्ये ती 'निकॉन एफ' या एसएलआर कॅमेऱ्यासाठी मिळू लागली. १९७१ मध्ये आतल्या काचांची रचना बदलली, पण १०५ आणि २.५ हे आकडे तेच राहिले. फोकस हातानेच करावा लागणारी ही लेन्स आजही सेकंडहँड घेऊन वापरणारे हौशी लोक आहेत.

मागची धूसरता कुठून येते?

८५ मिमी एफ/१.८ लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं की ८५ भागिले १.८, म्हणजे सुमारे ४७ मिमीचं होतं. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात हे छिद्र काही मिलिमीटरचंच असतं. एवढ्या मोठ्या छिद्रामुळे डोळे तीक्ष्ण आणि मागचं सगळं मऊ दिसतं. मोबाईलचा पोर्ट्रेट मोड ही धूसरता सॉफ्टवेअरने तयार करतो. पण फक्त मागचा भाग धूसर केल्याने पुढे आलेलं नाक मागे जात नाही.

मोबाईलवर हे कसं जमवायचं?

मागचा कॅमेरा वापरा. चेहऱ्यापासून निदान दीड मीटर लांब उभे राहा आणि २ एक्स किंवा ३ एक्स झूम निवडा. वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल, तरी लांबून फोटो काढून नंतर क्रॉप करा. क्वालिटी थोडी कमी होईल, पण चेहऱ्याची ठेवण तीच येईल, कारण अंतर तेच आहे. एकटे असाल, तर मोबाईल टेकवून टायमर लावा.

आणि पुढच्या वेळी सेल्फीत स्वतःचं नाक खटकलं, तर आधी हातातला मोबाईल किती लांब आहे ते बघा.