जुने नाणे : ओळख आणि पारख

भाईंदर, प्रतिनिधी

जुन्या घराची दुरुस्ती करताना, पणजीच्या पितळी डब्यात किंवा शेताच्या बांधावर एखादे काळवंडलेले नाणे हाती लागते. हे नाणे कोणाचे आणि ते अस्सल आहे काय, असे दोन प्रश्न त्यासोबत येतात. उत्तर चुकल्यास अस्सल ऐवज चिंचेने घासला जाऊन निकामी होतो किंवा तांब्याच्या भावाने मोडीत जातो. उलटपक्षी, बनावट चकतीपायी आयुष्यभराची पुंजी गमावली जाते. मीरा-भाईंदर परिसरात तर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण या भूमीवर एकामागून एक तीन सत्तांचे चलन फिरले.

तीन राजवटी, तीन चलने

मीरा-भाईंदर हा साष्टी बेटाचा उत्तर भाग. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा मुलूख सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. त्यांचे किरकोळ व्यवहाराचे नाणे म्हणजे 'बझारुको'. कथील, शिसे किंवा तांब्याच्या या ओबडधोबड चकतीवर राजचिन्हाची ढाल, मुकुट, क्रूस किंवा खगोलाची आकृती दिसते. ढालीच्या दोन्ही बाजूंस रोमन लिपीतील 'जी' व 'ए' ही अक्षरे असल्यास नाणे गोव्याच्या टांकसाळीचे, 'डी' व 'ओ' असल्यास दीवचे मानले जाते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली आणि मराठी अंमल स्थिर झाला. या काळातील तांब्याचे नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' ही अक्षरे, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, असे तिचे रूप. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये सुरू झालेली ही परंपरा पेशवाईतही टिकली. दोन समांतर रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई ही त्याच उत्तरकाळातील.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. मुंबई इलाख्यासाठी इंग्लंडमध्ये पाडलेल्या १७९१ च्या तांब्याच्या पैशावर एकीकडे कंपनीचे व्यापारचिन्ह, तर दुसरीकडे तराजू व फारसी लिपीतील 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द आढळतो.

पहिली कसोटी वजनाची

नाणे कोणत्या गटातले हे समजल्यावर ते काट्यावर ठेवावे. शिवराईचे वजन साधारणतः ८ ते १३ ग्रॅमच्या दरम्यान भरते. आरंभीच्या जड, नंतरच्या हलक्या. १८३५ पासूनच्या चांदीच्या रुपयाचे प्रमाण मात्र काटेकोर होते : वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी बारा भागांत अकरा. वापराने झिजलेला रुपया किंचित हलका भरतो. ठळक छापाचा रुपया दहा ग्रॅमचाच भरला, तर शंका घ्यावी.

नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलल्यास धातूचाही अंदाज येतो. अस्सल रुपयाचे वजन पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरते. तितक्याच वजनाची तांबे-निकेलची नक्कल आकारमानाने मोठी असल्याने ही घट १.३ ग्रॅमपर्यंत जाते. सोने, चांदी व तांबे लोहचुंबकाला चिकटत नाहीत. तथापि पितळेची नक्कलही चिकटत नसल्याने या परीक्षेवर विसंबू नये.

ठशाचे की ओतीव?

शिवराई ठशांमध्ये धरून हातोड्याने पाडली जाई. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरे बहुधा कडेला तुटलेली असतात. संपूर्ण मजकूर नेमका मध्यभागी आणि वर्तुळही अखंड, अशी शिवराई दुर्मीळ. ती स्वस्तात मिळत असेल तर अधिकच संशयास्पद. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर सांधा दिसतो. दोन नाण्यांवर ओरखडे व खड्डे हुबेहूब एकाच जागी असतील, तर दोन्ही एकाच साच्यातून आली असण्याची दाट शक्यता असते.

विसंगतीचा अर्थ

प्रत्येक विसंगती बनावटपणाचा पुरावा नसते. शिवराईवर 'शिव'ऐवजी 'सीव' असेही आढळते. तो त्या काळच्या लेखनाचा भाग आहे. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवली होती. हा दुहेरी छाप सातवाहनांच्या विजयाचा सबळ पुरावा ठरला.

काही विसंगती मात्र निर्णायक असतात. राम दरबार किंवा हनुमानाची प्रतिमा, 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूके', 'वन आना' ही इंग्रजी अक्षरे आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ हे साल असलेल्या चकत्या सर्वत्र विकल्या जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. 'युनायटेड किंग्डम' हे नाव १८०१ मध्ये रूढ झाले, तर ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचे नाणे १९०७ मध्ये आले.

फसवणुकीचे सापळे

'तांदूळ ओढणारे' चमत्कारी नाणे हा जुना डाव आहे. नाण्यात चुंबक आणि तांदळात लोखंडाचे कण दडवून प्रात्यक्षिक दाखवले जाते. दुसरा प्रकार 'जुन्या नाण्याचे लाखो रुपये' देण्याच्या जाहिरातींचा. त्यात खरेदीदार आधी शुल्क किंवा कर भरावयास सांगतो. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही व त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

नाणे सापडल्यास

नाणे घासू नये. चिंच, लिंबू वा राखेने त्यावरील हिरवट-तपकिरी थर जातो. वयाची खूण त्यासोबत नष्ट होते आणि संग्राहकांच्या लेखी मोलही घटते. नाणे कडेने धरावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, वजन व व्यास नोंदवावा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही.

तुलनेसाठी मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचा संग्रह आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय उपयुक्त ठरते. अंतिम निर्णय जाणकाराने नाणे प्रत्यक्ष हाताळूनच द्यावयाचा असतो. तोपर्यंत नाणे विकू नये आणि कोणालाही आगाऊ पैसे देऊ नयेत.