सायकल, थंडी आणि पायांचा पोशाख

पोशाखाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा मस्तकापासून आरंभ करतात. मुकुट, पागोटी, टोप, अंगरखे असे वर्णन करीत ते खाली उतरतात, आणि पायांपर्यंत पोचेतो त्यांचा ग्रंथ संपत आलेला असतो. सायकल ह्या वाहनाच्या इतिहासात मात्र हा क्रम उलटा लावावा लागतो. येथे सर्व भार पायांवर, आणि वादही पायांवरच माजला. थंड देशात सायकलवर बसणाऱ्याने पायांत काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि ह्याच प्रश्नापायी इंग्लंडात एकदा न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली. शरीराला काय हवे ह्यापेक्षा लोकांना काय दिसावे ह्याचाच विचार फार काळ प्रबळ राहिला, आणि त्याची किंमत विशेषतः स्त्रियांना मोजावी लागली, हे ह्या लेखात आम्हांस दाखवावयाचे आहे.

प्रथम थंडीचे स्वरूप पाहू. पायी चालणाऱ्यास वारा नसेल तर थंडी फारशी बोचत नाही. सायकलस्वार मात्र आपला वारा आपणच निर्माण करतो. ताशी १२ मैलांच्या वेगाने जाणाऱ्यास निवांत हवेतही तेवढ्याच वेगाचा वारा समोरून लागतो. चढावर पाय घामाने भिजतात. उतार लागला की ते स्वस्थ राहतात, वेग दुप्पट होतो, आणि तोच घाम अंगातील ऊब काढून नेतो. गुडघ्यावर मांसाचे किंवा चरबीचे आच्छादन जवळजवळ नसल्यामुळे तो सर्वांत आधी गारठतो व आखडतो. वारा उष्णतेचे हरण किती वेगाने करतो ह्याचे मोजमाप सिपल व पॅसेल ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनी दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात पाणी गोठविण्याचे प्रयोग करून घेतले, आणि ते १९४५ साली प्रसिद्ध झाले. सायकलस्वारांस ही गोष्ट त्यापूर्वी पाऊणशे वर्षे आपल्या गुडघ्यांवरून ठाऊक झाली होती!

१८७० नंतरच्या दशकात पुढचे चाक पुरुषभर उंच असलेली सायकल इंग्लंडात प्रचारात आली. तिच्यावर लांब पाटलोण घालून बसणे म्हणजे कापड पायडलात किंवा चाकात अडकवून डोक्यावर आपटण्याचा धोका पत्करणे होय. म्हणून स्वारांनी गुडघ्याखाली आवळून बांधलेली आखूड, ढगळ विजार आणि तिच्याखाली जाड लोकरी पायमोजे पसंत केले. ह्या विजारीस निकरबॉकर म्हणत. ह्या नावाचे मूळ मोठे गमतीचे आहे. वॉशिंग्टन आयर्व्हिंग ह्या अमेरिकन लेखकाने १८०९ साली न्यू यॉर्कचा एक विनोदी इतिहास डीड्रिख निकरबॉकर ह्या कल्पित डच गृहस्थाच्या नावे प्रसिद्ध केला. पुढे त्या पुस्तकातील चित्रांत जुने डच लोक अशा विजारी घातलेले दाखविले गेले, आणि कल्पित लेखकाचे नाव खऱ्या वस्त्रास चिकटले. १८७८ साली हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांचा जो संघ स्थापन झाला, व जो १८८३ पासून सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब ह्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याने आपल्या सभासदांसाठी गणवेषच ठरविला. तो प्रथम गर्द हिरव्या सर्जचा होता; पुढे धुळीच्या रस्त्यांस मानवणारा करडा रंग आला.

लोकरीस ह्याच सुमारास शास्त्राचेही पाठबळ मिळाले. निदान शास्त्राच्या नावाचे तरी मिळाले. जर्मनीतील गुस्टाव्ह येगर ह्या प्राध्यापकाने असा सिद्धांत मांडला की, मनुष्य हा प्राणी असल्यामुळे त्याने प्राणिज वस्त्रेच वापरावीत. कापूस व ताग ही वनस्पतिज वस्त्रे आरोग्यास घातक होत. १८८४ पासून लंडनमध्ये येगर ह्या नावाने लोकरी कपडे विकले जाऊ लागले, आणि बर्नार्ड शॉसारखा चिकित्सक पुरुषही तसा पोशाख घालून हिंडू लागला. सिद्धांत म्हणून येगरचे म्हणणे टिकले नाही. परंतु लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हातास फारशी ओली लागत नाही, आणि भिजलेले सुती कापड मात्र कातडीस चिकटून ऊब घालविते, हे खरेच आहे. चुकीच्या कारणासाठी दिलेला उपदेश कधी कधी योग्य ठरतो, त्यांतलाच हा प्रकार. शॉ हा सायकलचाही भोक्ता होता. १८९५ साली वेल्सच्या सीमेजवळील एका उतारावर तो तरुण बर्ट्रांड रसेलवर जाऊन आदळला. रसेलला ओरखडाही आला नाही, त्याच्या निकरबॉकरच्या मात्र चिंध्या झाल्या, असे शॉनेच एका पत्रात लिहून ठेविले आहे.

पुरुषांची कथा अशी विनोदात संपते. स्त्रियांची तशी संपत नाही. १८८५ साली दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी रोव्हर सायकल निघाली, १८८८ साली डनलॉपने हवेची धाव शोधून काढली, आणि सायकल स्त्रियांच्या आटोक्यात आली. परंतु त्यांचा घोट्यापर्यंत लोळणारा झगा हिवाळ्यात अक्षरशः गळ्यातली धोंड होई. त्याचा घेर चिखलाने भिजून जड होई, साखळीत गुंते, वाऱ्याने शिडासारखा फुगे. आणि एवढे करून आत शिरणारा गारठा काही तो अडवीत नसे. अमेरिकेत अमेलिया ब्लूमर हिने १८५१ सालीच ढगळ विजारीचा पुरस्कार करून थट्टा पदरात घेतली होती. लंडनमध्ये १८८१ साली सयुक्तिक वेषाचा प्रचार करणारी संस्था निघाली. तिच्या चालकांपैकी लेडी हार्बर्टन ह्या प्रमुख होत.

ह्या पन्नाशी उलटलेल्या बाई २७ ऑक्टोबर १८९८ रोजी सरे परगण्यातील ऑकम गावी हॉटबॉय नावाच्या खाणावळीत सायकलवरून आल्या व त्यांनी भोजन मागितले. अंगावर कोट आणि खाली ढगळ निकरबॉकर. मालकिणीने त्यांस सभ्य लोकांच्या दालनात बसू देण्याचे नाकारले आणि दारू पिणारे पुरुष बसत त्या खोलीकडे बोट दाखविले. झगा नाही म्हणून स्त्रीस कुलीन बैठकीत स्थान नाही, पण गुत्त्यात आहे, ही नीती खरोखरच विचित्र! सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने मालकिणीवर खटला भरला. एप्रिल १८९९ मध्ये किंग्स्टन येथे तो चालला, आणि ज्यूरीने मालकिणीस निर्दोष ठरविले. कारण तिने भोजन नाकारले नव्हते, केवळ खोली बदलली होती. कायद्याचे समाधान झाले. वेषाचा प्रश्न मात्र न्यायालयाने आहे तेथेच ठेविला.

आमच्या वाचकांस ह्या वादाचे नवल वाटेल. ज्या देशात नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून बायका शेतात राबल्या आणि घोड्यावर बसल्या, तेथे दुटांगी वस्त्राने शील बिघडते ही कल्पना रुजणे कठीण होते. पण आपणही फार शेखी मिरवू नये. आपल्याकडे बोटे कपड्याकडे नव्हे, तर सायकलवर बसणाऱ्या मुलीकडेच रोखली गेली. पायांच्या पोशाखात हिंदुस्थानाने इंग्रजांस एक वस्तू मात्र दिली, ती म्हणजे पट्टी. डोंगरी मुलखात पोटऱ्यांस गुंडाळावयाच्या लोकरी पट्ट्या गोऱ्या पलटणींनी येथून उचलल्या, आणि १९१४ च्या महायुद्धात सायकलस्वार सैनिकांच्या पायांवरही त्या दिसल्या.

महायुद्धानंतर ढगळ विजारी आणखी चार इंच लांबल्या आणि ‘प्लस फोर’ म्हणून मिरवू लागल्या. शर्यतीवाले आखूड लोकरी चड्डीवर आले. तिच्या बैठकीस मऊ चामड्याचे ठिगळ असे. उघड्या पायांनी थंडी सोसणे हा त्यांच्यात पुरुषार्थ मानला जाई. त्याचा हिशेब ५ जून १९८८ रोजी इटलीतील गाव्हिया घाटात चुकता झाला. सुमारे २६०० मीटर उंचीवर हिमवर्षाव चालू असता व्हान डेर व्हेल्डे हा डच स्वार अपुऱ्या कपड्यांनिशी सर्वांआधी माथ्यावर पोचला. पण उतारावर गारठून तो सुमारे ४७ मिनिटे मागे पडला. चढावर जे कपडे जड वाटतात, त्यांचे मोल उतारावर कळते.

१९५८ साली ड्यू पाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स ह्या रसायनज्ञाने ताणणारा कृत्रिम धागा शोधून काढला. त्यातून पुढे आतून मऊ लव असलेल्या, घोट्यापर्यंत अंगाबरोबर बसणाऱ्या विजारी तयार झाल्या. त्या साखळीत अडकत नाहीत, गुडघा झाकतात, घाम बाहेर जाऊ देतात. आणि ज्यांच्या दर्शनी भागास वारा न शिरणारे कापड लावलेले असते त्या सर्वांत उत्तम. पौषातील पहाटे पुण्याचा पारा जेव्हा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा सायकलवर निघणाऱ्याने एवढे तीन नियम पाळले म्हणजे पुरे: गुडघा झाकावा, सुती कापड भिजू देऊ नये, आणि समोरचा वारा अडवावा. कपडा लोकरीचा की कृत्रिम धाग्याचा, हा मग ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न.

आज अशी विजार घालून स्त्री व पुरुष एकाच रस्त्याने जातात, आणि खाणावळीत कोणी त्यांस दुसऱ्या खोलीचा रस्ता दाखवीत नाही. लेडी हार्बर्टन खटला हरल्या. पण त्यांनी ज्यासाठी अपमान सोसला, ते वस्त्र थंडीनेच अखेर सर्वांच्या पायांत घातले.