आतड्यातील जिवाणू आणि लठ्ठपणा
आतड्यातील जिवाणू आणि लठ्ठपणा : मोठ्या आतड्यात वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शरीरातील चरबीच्या साठ्याशी असलेला संबंध. लहान आतड्यात न पचलेले तंतुमय पदार्थ हे जीव आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात. ती रक्तात शोषली जातात आणि एरवी विष्ठेवाटे गेली असती ती थोडी ऊर्जा शरीराला मिळते.

फ्रेडरिक बेकहेड, जेफ्री गॉर्डन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेत जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. खाणे कमी होऊनही दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. पुढे लठ्ठ व्यक्तींत फर्मिक्युट्स हा जिवाणूंचा संघ जास्त आणि बॅक्टेरॉइडेट्स हा संघ कमी असतो, ही मांडणी जगभर गाजली.

पुण्यात ती टिकली नाही. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटाने व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’मध्ये भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृश, सामान्य, लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेले असे चार गट होते. या दोन संघांच्या प्रमाणात कोणताही ठळक कल आढळला नाही. लठ्ठ गटात मात्र बॅक्टेरॉइड्स ही प्रजाती ठळक होती, आर्किया जीवांची संख्या फार मोठी होती आणि विष्ठेतील मेदाम्लेही वाढलेली होती. शस्त्रक्रिया झालेल्यांत तिन्ही कमी दिसली. आर्कियांचे महत्त्व असे, की आंबवण्यातून हायड्रोजन साचला की ती क्रिया मंदावते. मेथेन बनवणारे आर्किया तो हायड्रोजन वापरून टाकतात आणि आंबवणे चालू राहते. निष्कर्ष मोलाचा असला तरी प्रत्येक गटात ५ जणच होते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर आहारच बदलतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे यावरून सांगता येत नाही. परदेशी आकडे भारतीय आतड्याला जसेच्या तसे लावू नयेत, एवढे मात्र हा अभ्यास सुचवतो.

उपचार : सडपातळ दात्यांची विष्ठा आतड्यात सोडण्याचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला (२०१२). इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद काही काळ सुधारला, वजन घटले नाही. पाश्चरीकरण केलेला अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू बेल्जियममध्ये तीन महिने दिल्यावर (२०१९) इन्सुलिनबाबत सुधारणा दिसली. वजनातील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. तेव्हा ‘वजन घटवणारे जिवाणू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या व गोळ्यांना आज पुरेसा आधार नाही. आहाराचा पुरावा अधिक बोलका आहे. २०१३ मध्ये जुळ्या भावंडांपैकी लठ्ठ भावंडाचे जिवाणू दिलेल्या उंदरांची चरबी वाढली. सडपातळ भावंडाचे जिवाणू दिलेल्या उंदरांसोबत ठेवल्यावर ती वाढ रोखली गेली, पण खाणे कमी चरबीचे व भरपूर फळे-भाज्यांचे असले तरच. चरबीयुक्त, कमी तंतूंच्या खाण्यावर तो लाभ मिळाला नाही.