निशाणी अंगठा, परवलीचा शब्द

'अंगठेबहाद्दर' हा शब्द मराठीत उपहासाने वापरला जातो. ज्याला सही येत नाही तो अंगठा उठवतो, आणि कागदात काय लिहिले आहे हे त्याला बहुधा ठाऊक नसते. आज मात्र सुशिक्षित माणूस दिवसातून अनेकदा आपल्या फोनवर बोट टेकवतो आणि त्यास प्रगती म्हणतो. या उलटापालटीकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे, असे आम्हांस वाटते.

मराठेशाहीतील कागदांवर 'निशाणी नांगर' आढळते. अक्षरशत्रू कुणब्याची ती सही होती. पण ती त्याच्या व्यवसायाची, त्याने आपली मानलेली खूण होती. ठशाचा इतिहास निराळा आहे. जुलै १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारपत्रामागे घेतला. कोनाईने पुढे सही नाकारू नये म्हणून त्याच्या मनात धाक बसवावा, हा हेतू हर्शेलने स्वतःच नमूद केला आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. तेथील वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे परिश्रम होते. थोडक्यात, ठशाची पद्धत रुजली ती प्रजेवरील अविश्वासातून.

परवलीच्या शब्दाचे कुळ छावणीतले. पहारेकरी तो विचारी. शत्रूस कळला तर दुसरा ठरवता येई. संगणकावर तो १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आला आणि १९६२ मध्येच तेथील एका संशोधकाने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून घेतली! शब्द चोरीस जातो, हे तेव्हापासून सिद्ध आहे. चार अंकांच्या कुलपाला अवघे १०,००० पर्याय. त्यातही लोक १२३४ किंवा जन्मसाल निवडतात, आणि लोकलच्या गर्दीत शेजारी ते सहज पाहतो.

मग बोट बरे नव्हे काय? सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपलने बोटाने उघडणारा आयफोन बाजारात आणला आणि काही दिवसांतच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरील ठशाच्या छायाचित्रावरून नकली बोट करून तो उघडला. अशा फोनमधील ठसा फोनबाहेर जात नाही, हे खरे. परंतु जेथे ठसे एकत्र साठतात तेथील धोका मोठा. २०१५ मध्ये अमेरिकी शासनाच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीस गेले. अंक बदलता येतात. बोटे बदलता येत नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा संमतीचा आहे. झोपलेल्या माणसाचे बोटही फोन उघडते. १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, आरोपीकडून बोटांचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. मनातला अंक सांगायला लावणे मात्र साक्ष ठरते की नाही, याविषयी आपल्या न्यायालयांचे निर्णय एकमुखी नाहीत. म्हणजे बोटाविषयीचा प्रश्न ६० वर्षांपूर्वीच मिटला; शब्दाविषयी अजून वादाला जागा आहे.

आम्ही स्वतः बोटच वापरतो, हे कबूल केले पाहिजे. खडूने झिजलेली आमची बोटे महाविद्यालयाचे हजेरीयंत्र अधूनमधून नाकारते, तेव्हा शेतमजुराच्या हाताची आठवण होते. पण फोन बंद करून पुन्हा सुरू केला की तो बोटाला दाद देत नाही, आधी अंकच मागतो. निर्मात्यांनीही अखेरचा विश्वास शब्दावरच ठेवला आहे. म्हणून रोजच्या सोयीला बोट असावे. परंतु मागचे कुलूप सहा किंवा अधिक अंकांचे, विचारपूर्वक निवडलेले असावे, आणि प्रसंग संशयाचा वाटला तर फोन बंद करावा.

ठसा 'हा कोण' एवढेच सांगतो. 'याची मान्यता आहे' हे त्याला सांगता येत नाही. ते कोनाईच्या तळहातालाही सांगता आले नव्हते.